फ्रबेलच्या देणग्या
बालोद्यान-शिक्षणपद्धतीचा प्रवर्तक फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने लहान मुलांसाठी तयार केलेला क्रीडासाहित्याचा क्रमबद्ध संच. बर्लिन येथे व्हाइस या खनिजवैज्ञानिकाच्या हाताखाली स्फटिकसंग्रहाचे काम करीत असता साध्या, नियमित आकारांतून उभी राहणारी रचना फ्रबेलच्या मनावर ठसली. हा संस्कार पुढे त्याच्या ठोकळ्यांत उतरला. ब्लांकेनबुर्ख येथे १८३७ मध्ये त्याने स्थापन केलेल्या संस्थेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले.

पहिल्या देणगीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू व दुसरीत लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती असत. खरे रचनासाहित्य तिसरीपासून सुरू होते. तीत एका घनाचे आठ समान घन पाडलेले असतात. चौथीत तेवढ्याच घनाच्या आठ चपट्या विटा असतात व त्यांच्या बाजूंचे प्रमाण १ : २ : ४ असते. छोटा घन व वीट यांचे घनफळ एकच, आकार मात्र वेगळा. ही गोष्ट मुलाला सूत्रावाचून हातांनीच कळते. पेटी उपडी करून अखंड घन बाहेर काढावयाचा, रचनेत प्रत्येक तुकडा वापरावयाचा व शेवटी पुन्हा घन जुळवावयाचा, असा दंडक होता. खुर्ची वा पूल ही जीवनरूपे, नक्षी ही सौंदर्यरूपे आणि अर्धा-पाव ही ज्ञानरूपे त्याच तुकड्यांतून साधत.

प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. फ्रबेलचा पुतण्या कार्ल याच्या लेखनाशी झालेली गल्लत हे त्यामागील एक कारण होते. १८६० मध्ये बंदी उठली, पण ते पाहण्यास फ्रबेल हयात नव्हता. पुढे काही अनुयायांनी या खेळाची आज्ञाबरहुकूम कवायत केली, हे त्याच्या कल्पनेचे दुर्दैवच म्हणावे लागेल. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट यांनी १ : २ : ४ हेच प्रमाण ठेवून मोठे ठोकळे केले, मात्र रचनेचा क्रम मुलांवर सोडला.

ठोकळ्यांची रचना, अवकाशाची जाण आणि गणित यांचा संबंध पुढे मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिला. वुल्फगँग व सहकारी यांच्या लहान गटावरील अभ्यासात (२००१) बालवयातील रचनाकौशल्याचा गणितातील प्रगतीशी संबंध प्राथमिक इयत्तांत दिसला नाही, सातवीपासून पुढे दिसला. मात्र अशा सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मुळातच अवकाशबुद्धी तल्लख असलेली मुले ठोकळ्यांकडे अधिक ओढली जात असण्याचा संभव आहे.