हाक एकाला, कान दुसऱ्याचे

‘ओरोबँकी’ या ग्रीक नावाचा अर्थच मुळी एका कडधान्याचा गळा आवळणारी. भूमध्य समुद्राकाठी वाटाणा-मसुराच्या मुळांवर जगणाऱ्या या परोपजीवीचे धुळीएवढे बी यजमानाचे मूळ जवळ आल्याशिवाय रुजत नाही. त्याला कळते कसे? १९६६ साली कापसाच्या मुळांच्या स्रावातून ‘स्ट्रायगॉल’ मिळाले. त्याने ओरोबँकीचा भाऊबंद, म्हणजे ज्वारीवरचा टारफुला, रुजला. पण झाडाने शत्रूला आवतण का द्यावे? आम्हाला वाटते, वर्गात विचारण्याजोगा प्रश्न हाच. उत्तर २००५ साली जपानमध्ये लोटस या शेंगवर्गीय रोपाने दिले. त्याच्या मुळांतले तसलेच द्रव्य फॉस्फरस आणून देणाऱ्या बुरशीला बोलावते, असे अकियामा व सहकाऱ्यांना आढळले. ओरोबँकी ती हाक चोरून ऐकते. जमिनीत फॉस्फरस कमी पडला, की लाल क्लोव्हर आणखी मोठ्याने हाकारते.