वर्गघन आणि वर्गघनघात

घातांकांचे नियम शिकतांना आमचीं मुलें एक चूक हटकून करितात. वर्गास घनानें गुणितांना घातांकांची बेरीज हवी, तेथें तीं गुणाकार करितात. आणि घनाचा वर्ग करितांना गुणाकार हवा, तेथें बेरीज. नियम पाठ असतो, अर्थ हरवलेला असतो. हा अर्थ एके काळीं शब्दांतच सांठविलेला होता, याचा आम्हांस विसर पडला आहे.

आपल्या जुन्या बीजगणितांत सहाव्या घातास ‘वर्गघन’ म्हणत आणि पांचव्यास ‘वर्गघनघात’. पहिल्या नांवांत दोहोंस तिहींनीं गुणिलें आहे. दुसऱ्यांत ‘घात’ म्हणजे गुणाकार हा शब्द येतांच दोन आणि तीन यांची बेरीज होते. एका शब्दानें दोन नियम निरनिराळे राखिले! ब्रह्मगुप्तानें तर पांचव्या घातास ‘पंचगत’ असें त्याहूनहि सुटसुटीत नांव दिलें होतें.

ही विद्या आम्हांस परकी नव्हे. छत्रपति संभाजीनगराहून चार-पांच कोसांवर असलेलें देवगिरि ही यादवांची राजधानी. आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला. त्या मठास मिळालेल्या दानाची नोंद तेथील सन १२०७ च्या शिलालेखांत आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावतीं’त एक दाता आहे. पहिल्या दिवशीं दोन कवड्या, पुढें रोज दुप्पट. तर महिन्यांत किती? येथें दोहोंचा तिसावा घात हवा. पण तीस वेळां गुणीत बसण्याचें कारण नाहीं. तीस ही संख्या घ्यावी. सम असेल तर निमी करून ‘वर्ग’ लिहावें, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहावें. शून्य आलें कीं उलट परतावें: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, १,०७,३७,४१,८२४. आठ पदांत घात हातीं आला. त्यांतून एक वजा करून दुप्पट केली कीं उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. घाताचा वर्ग केला असतां घातांक दुप्पट होतो, एवढ्याच तत्त्वावर ही सारी रीत उभी आहे.

येथें पोकळ अभिमान मात्र नको. घातांक अक्षराच्या माथ्यावर लिहिण्याची रीत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानें रूढ केली. ऋण घातांक न्यूटनच्या १६७६ च्या पत्रांत आढळतात. तरी वाट तीच आहे. पांचव्या घातास पांचव्यानेंच भागिलें तर एक उरतो, म्हणून शून्य घाताची किंमत एक. आणखी एकदां भागिलें कीं घातांक उणें एक.

देवगिरीच्या सहलींत आम्ही मुलांस खंदक आणि अंधारी दाखवितों. त्याच वेळीं या दोन कवड्यांचा हिशेबहि त्यांच्याकडून करवून घेतला, तर तो नियम त्यांस पाठ करावा लागणार नाहीं.