फंक्शनल प्रोग्रॅममधली चूक शोधताना मधल्या व्हॅल्यू कशा बघायच्या?

प्रोग्रॅम चालतो, एररही येत नाही, पण उत्तर चुकीचं येतं. अशा वेळी बहुतेक प्रोग्रॅमर आधी मध्ये एक प्रिंट टाकून व्हॅल्यू बघतात. सी, जावा किंवा पायथनमध्ये हे सोपं आहे. हास्केलसारख्या फंक्शनल भाषेत मात्र हीच साधी युक्ती अडते. असं का होतं? आणि त्यावर उपाय काय?

केळीच्या गाडीचं बिल

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या रावेरहून केळीची गाडी निघाली. काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन ४,२०० किलो, रिकाम्या गाडीचं १,८०० किलो आणि भाव क्विंटलला १,५०० रुपये. बिलाच्या तीन पायऱ्या आहेत: रिकाम्या गाडीचं वजन वजा करणं, किलोचे क्विंटल करणं आणि भावाने गुणणं. बिल ३६,००० रुपये यायला हवं, पण प्रोग्रॅम ३,६०० दाखवतो.

शेतकऱ्याचे ३२,४०० रुपये कुठे गेले, हे शेवटच्या आकड्यावरून कळत नाही. प्रत्येक पायरीनंतरची व्हॅल्यू पाहिली की कळतं. पहिलीनंतर २,४०० किलो, हे बरोबर. दुसरीनंतर २४ हवेत, पण आले २.४. म्हणजे १०० ऐवजी १,००० ने भागलं गेलं आणि क्विंटलऐवजी टन झाले.

मग प्रिंट का अडतं?

शुद्ध फंक्शन त्याला दिलेल्या माहितीवरून उत्तर काढतं, बाकी काही करत नाही. स्क्रीनवर काही छापणं हे 'बाकी काही'मध्ये येतं. हास्केलमध्ये अशी कृती फंक्शनच्या टाइपमध्येच सांगावी लागते. त्यामुळे एक प्रिंट टाकायचं तर त्या फंक्शनचा टाइप बदलतो आणि त्याला वापरणाऱ्या फंक्शनांमध्येही बदल करावे लागतात.

ट्रेस काय करतं?

यासाठी हास्केलच्या 'डीबग.ट्रेस' मॉड्यूलमध्ये 'ट्रेस' हे फंक्शन आहे. त्याला एक संदेश आणि एक व्हॅल्यू द्यायची. ते संदेश छापतं आणि व्हॅल्यू जशीच्या तशी पुढे पाठवतं. टाइप बदलत नाही. संदेश एररच्या वेगळ्या प्रवाहात जात असल्याने मूळ आउटपुटमध्ये मिसळत नाही.

एलिक्सर भाषेतलं 'आयओ.इन्स्पेक्ट'ही व्हॅल्यू छापून तीच परत देतं, म्हणून ते पायऱ्यांच्या साखळीत कुठेही बसवता येतं. २०२२ मध्ये आलेल्या १.१४ आवृत्तीतलं 'डीबीजी' तर साखळीतल्या प्रत्येक पायरीची व्हॅल्यू एकदम दाखवतं.

संदेश आलाच नाही तर?

हास्केल 'आळशी' भाषा आहे. जी व्हॅल्यू लागते, तीच ती मोजते. यादीत रावेरची आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरची अशा दोन गाड्या आहेत आणि फक्त पहिलीचंच बिल मागितलं, तर शिरपूरचा ट्रेस छापला जाणार नाही. कोड बिघडला असं नाही, ते बिल अजून कोणी मागितलेलंच नाही. संदेशांचा क्रमही कोडमधल्या ओळींप्रमाणे असेलच असं नाही.

याच्या उलटही घडतं. ट्रेसमध्ये व्हॅल्यू छापायची म्हटलं की ती मोजावी लागते. यादी न संपणारी असेल, तर छपाईही संपत नाही. २००७ पासून हास्केलच्या 'जीएचसीआय'मध्ये डीबगर आहे. प्रोग्रॅम मध्ये थांबवून त्यात व्हॅल्यू बघता येतात. त्याची 'एसप्रिंट' ही कमांड काहीही जबरदस्तीने मोजत नाही, न मोजलेल्या जागी फक्त अधोरेषा दाखवते.

चूक सापडल्यावर

टाकलेले ट्रेस काढून टाकायला हवेत, कारण ते फक्त तपासणीसाठी असतात. एल्म भाषा २०१८ च्या ०.१९ आवृत्तीपासून याबाबत कडक आहे. कोडमध्ये 'डीबग' राहिलं असेल, तर 'ऑप्टिमाइझ' पर्याय लावून अंतिम प्रोग्रॅम तयारच होत नाही.

शुद्ध फंक्शनचा मोठा फायदाही इथेच दिसतो. ते बाकीच्या प्रोग्रॅमपासून वेगळं काढून तपासता येतं. दुसऱ्या पायरीला एकटीला २,४०० किलो द्यायचे, उत्तर २४ क्विंटल यायला हवं. हीच तपासणी टेस्ट म्हणून लिहून ठेवली, तर पुढे कोणी चुकून पुन्हा १,००० ने भागलं तरी शेतकऱ्याच्या हातात बिल पडण्याआधीच चूक पकडली जाते.