इंजेक्शनमागचं एक नाव

वजन उतरवण्यासाठी डॉक्टरी देखरेखीत आठवड्याला एकदा टोचायचं इंजेक्शन आज घरोघर चर्चेत आहे. त्याचं मूळ आपल्याच आतड्यात. जेवलं की तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवतं, मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि काही मिनिटांतच नाहीसं होतं.

या संप्रेरकाचा नेमका कामाचा भाग ओळखला तो १९८०च्या दशकात, बोस्टनमध्ये, स्वेतलाना मोयसोव या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी. पेटंटांवर मात्र नाव लागलं फक्त सहकारी जोएल हॅबनर यांचं. बाई वकील लावून झगडल्या, तेव्हा कुठे चार पेटंटांवर त्यांचं नाव चढलं.

पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कमध्ये या रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडली गेली. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, म्हणून औषध आठवडाभर टिकतं. हेच सेमाग्लुटाइड. अमेरिकेत मधुमेहासाठी २०१७ साली आणि वजनासाठी २०२१ साली त्याला मान्यता मिळाली. चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं बरंचसं परतलं, हेही ऐकून ठेवा.

२०२१चा गेर्डनर पुरस्कार या शोधासाठी तिघांना मिळाला. त्यात मोयसोवबाई नव्हत्या. २०२४च्या लास्कर पुरस्कारात हॅबनर आणि लोटे नुडसेन यांच्या जोडीला त्यांचंही नाव आलं.