बीडचा सतरा सप्टेंबर

पंधरा ऑगस्ट हा साऱ्या देशाचा सण आहे आणि बीड जिल्ह्यांतहि तो थाटानें साजरा होतो. परंतु त्यानंतर बरोबर एक महिना आणि दोन दिवसांनीं, म्हणजे १७ सप्टेंबरला, येथें पुन्हा एकदां राष्ट्रध्वज उभारला जातो. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला याचें नवल वाटतें. श्रोतेहो, एकाच देशांतील एका भागाला स्वातंत्र्याचे दोन दिवस कां असावे, या प्रश्नाचें उत्तर मराठवाड्याच्या इतिहासांत आहे.

त्या दिवशीं सकाळीं बीड शहराचें रूप पालटतें. ध्वजवंदनाच्या जागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांचे कठडे उभे राहतात. जालना, नगर व बार्शी या दिशांनीं येणाऱ्या मोटारींना वळसा घ्यावा लागतो. शाळांचीं मुलें रांगेनें येतात, दोहों बाजूंस माणसांची दाटी होते, आणि हुतात्म्यांना पोलिसांची सलामी दिली जाते. माझ्या नोकरीच्या काळांत मीं या गर्दींत कित्येक वर्षें विद्यार्थ्यांची रांग सांभाळली. कठड्यापाशीं अडलेल्या लोकांचें बोलणें तेव्हां सहज कानांवर येई. "पंधरा ऑगस्ट तर होऊन गेला, आतां पुन्हा रस्ता कशाला अडवला?" असें कोणी तरी दर वर्षीं म्हणेच. प्रश्न त्राग्याचा असला तरी तो गैर नाहीं. माझें आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर आहे.

१९४७ सालीं बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. हें संस्थान लहानसहान नव्हतें. सुमारें ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें १ कोटी ६३ लक्ष लोकसंख्या, असा त्याचा पसारा होता. त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकीं आठ तेलुगु भाषेचे, तीन कानडीचे आणि पांच मराठीचे होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे ते पांच जिल्हे. यांसच मराठवाडा म्हणत. संस्थानचा रुपया वेगळा, त्याला हाली म्हणत. जकातीचें खातें वेगळें, त्याला करोडगिरी म्हणत. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. उर्दू ही गोड भाषा आहे आणि तिच्याशीं कोणाचें वैर नव्हतें. पण ज्या कुणब्याला अर्ज वाचतां येत नाहीं, त्याला न्याय मागणेंहि अवघड होतें.

याहून मोठी अडचण सभाबंदीची होती. त्रेपन्न क्रमांकाच्या सरकारी गश्तीनें सार्वजनिक सभेला आगाऊ परवानगी लागे, आणि ती सुखासुखी मिळत नसे. म्हणून लोकांनीं ग्रंथालयें, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि खासगी शाळा यांच्या आश्रयानें एकत्र यावयास प्रारंभ केला. मराठवाड्यांत राजकारण शाळेच्या दारानें आलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

त्याचें ठळक उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें आहे. अंबाजोगाईस त्या काळीं मोमिनाबाद म्हणत. तेथें योगेश्वरी देवीच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंत एक संन्यासी शिक्षक होते. त्यांचें पूर्वाश्रमीचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. हेच पुढें स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सर्व देशाला ठाऊक झाले. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होत असतांनाच सरकारनें तिच्यावर बंदी घातली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत बंदी मोडून सत्याग्रह सुरू झाला, आणि खडू व फळा सोडून स्वामीजी तुरुंगांत गेले. आठ वर्षांनीं, १९४६ सालीं, ती बंदी उठली. मला एका शिक्षकाच्या या चरित्रांत जें मोल वाटतें तें असें, कीं त्यांनीं मुलांना जें शिकविलें तेंच स्वतः करून दाखविलें.

इंग्रज जाणार हें ठरल्यावर निजाम मीर उस्मान अली खान यांनीं जून १९४७ मध्यें फर्मान काढलें, कीं इंग्रजांची सत्ता संपतांच आपण स्वतंत्र राजे होऊं. स्टेट काँग्रेसनें ७ ऑगस्टला हिंदी संघराज्यांत सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. पंधरा ऑगस्ट उजाडला. आष्टी आणि पाटोदा हे आमचे पश्चिमेकडील तालुके. त्यांच्या पलीकडे जामखेड, तेथें इंग्रजी मुलूख होता. जामखेडच्या बाजूला त्या सकाळीं तिरंगा उघडपणें फडकला. शिवेच्या अलीकडे मात्र तोच ध्वज हातांत घेणें हा गुन्हा होता. शेत तेंच, पाऊस तोच, नातीगोतीं तींच. पण एका बांधावर स्वातंत्र्य थांबलें. स्वामीजींना त्याच दिवशीं हैदराबादेस ध्वज उभारल्याबद्दल अटक झाली.

यानंतरचे तेरा महिने कठीण गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं दिल्ली सरकार व निजाम यांच्यांत जैसे थे करार झाला. पण शांतता झाली नाहीं. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालीं रझाकारांच्या टोळ्या वाढल्या. लूट, जाळपोळ व खून यांच्या भयानें अनेक कुटुंबें घरदार सोडून शिवेपलीकडे गेलीं. तेथेंच सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यांच्यांतील तरुणांनीं करोडगिरीचे नाके उठविले. त्याआधींच सरकारच्या उत्पन्नाला धक्का देण्यासाठीं शिंदीचीं झाडें तोडण्याचा सत्याग्रह झाला होता. या लढ्यांतल्या अनेकांचीं नांवें कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहींत.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हिंदी सैन्य चहूं बाजूंनीं संस्थानांत शिरलें. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालीं सोलापुराहून नळदुर्गमार्गें हैदराबादकडे निघाली; दुसरी फौज औरंगाबादेकडे गेली. पांच दिवसांत सारें आटोपलें. १७ सप्टेंबरला संध्याकाळीं खुद्द निजामानें हैदराबादच्या नभोवाणीवरून युद्ध थांबविल्याचें आणि रझाकारांच्या संघटनेवर बंदी घातल्याचें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यांचे सेनापति अल् इद्रूस यांनीं जनरल चौधरींपुढें शरणागति पत्करली. स्वामीजी ही कारवाई होईपर्यंत तुरुंगांतच होते. पंधरा ऑगस्टनंतर तेरा महिने आणि दोन दिवसांनीं बीडला स्वातंत्र्य मिळालें, तें असें.

परंतु इतिहास सांगणाऱ्यानें येथेंच थांबूं नये. या विजयानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यांतल्या अनेक गांवीं निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांना नेहरू सरकारनें चौकशीस पाठविलें. त्यांनीं संस्थानभरांतील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांखालोखाल ज्यांचीं नांवें त्यांनीं घेतलीं, त्यांत बीड आहे. तो अहवाल दीर्घकाळ लोकांपुढें आला नाहीं. त्याच अहवालांत, स्वतःचा जीव धोक्यांत घालून शेजारच्या मुसलमान कुटुंबाला वांचविणाऱ्या हिंदूंचीहि नोंद आहे. दुसरीकडे, रझाकारांविरुद्ध निर्भयपणें लिहिणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा २२ ऑगस्ट १९४८ रोजीं, मुक्तीच्या अवघे सव्वीस दिवस आधीं, खून झाला. तेव्हां हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशीं नव्हता. तो प्रजेचा अनियंत्रित सत्तेशीं होता. ही गोष्ट विसरली, तर सतरा सप्टेंबर हा मुक्तीचा दिवस न राहतां जुनीं भांडणें उकरण्याचा दिवस होईल.

पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्य विसर्जित होऊन मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. आज अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्या संन्यासी शिक्षकाचें नांव आहे. लढा पाहिलेलीं माणसें मात्र बहुतेक गेलीं. समारंभांत ज्यांचा सत्कार होतो, ते आतां बहुधा त्यांचे मुलगे आणि नातू असतात. आठवण सांगणारा माणूस उरला नाहीं म्हणजे आठवण शाळेच्या व घराच्या स्वाधीन होते. तेथेंहि ती सांगितली गेली नाहीं, तर फक्त सुटी शिल्लक राहते.

म्हणून कठड्यापाशीं अडलेल्या त्या गृहस्थाला माझें सांगणें एवढेंच आहे. एके काळीं याच जिल्ह्यांत ध्वज घेऊन निघालेल्या माणसांना अडविण्यासाठीं सरकार रस्ता रोखीत असे. आज त्याच ध्वजाला वाट मोकळी करून देण्यासाठीं सरकार मोटारींना थांबवितें. बंदोबस्त तेव्हांहि पोलिसांचा होता, आजहि पोलिसांचाच आहे. परंतु तो कोणासाठीं आहे, हें बदललें. एवढा पालट घडविण्यासाठीं आपल्या वाडवडिलांना दहा वर्षें झगडावें लागलें. आपल्याला वर्षांतून एकदां अर्धा तास थांबावें लागतें. तेवढ्या वेळांत शेजारीं उभ्या असलेल्या मुलाला, धर्म व जात न विचारतां, हा रस्ता आज कां बंद आहे तें सांगावें, म्हणजे थांबणें कारणीं लागेल.