मिश्र अध्ययन आणि पारंपरिक वर्ग : विद्यार्थ्यांचा अनुभव

विद्यापीठीय विषयाचा काही भाग वर्गात आणि काही भाग इंटरनेटद्वारे शिकविण्याच्या पद्धतीस मिश्र अध्ययन किंवा ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणतात. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाल्यावर जे सुरू झाले ते मिश्र अध्ययन नव्हते; त्यात वर्गच उरला नव्हता. हा भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण अनेक विद्यार्थ्यांचे या पद्धतीविषयीचे मत त्याच काळात घडले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकल्पना टिपणात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा सुचविली. त्याआधी, मार्च २०२१ च्या विनियमांनी ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांची मर्यादाही २० वरून ४० टक्के केली होती. आकडा एकच असल्याने दोहोंची गल्लत होते. पहिल्यात एकच विषय वर्ग आणि पडदा यांत विभागला जातो. दुसऱ्यात विद्यार्थी संपूर्ण विषय ‘स्वयम्’वर शिकतो आणि त्याचे श्रेयांक पदवीत जमा होतात.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान थांबविता येते, पुन्हा ऐकता येते. बारावीपर्यंत मातृभाषेतून शिकून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला ही सोय मोठाच आधार ठरते. रोज दोन-तीन तासांचा प्रवास करणाऱ्यांचा वेळही वाचतो. उलट, शंका मनात आली त्याच क्षणी विचारणे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, प्रयोगशाळेत स्वतःच्या हातांनी चूक करून ती सुधारणे हे वर्गातच घडते. वेळापत्रकाची शिस्त नकोशी वाटते खरी, पण ती नसली की व्याख्याने साचत जातात.

मिश्र पद्धतीतील खरी अडचण बहुधा पडद्याची नसून तासांची असते. वर्गातील व्याख्याने तशीच ठेवून त्यांवर मुद्रित व्याख्यानांची भर घातली, तर विद्यार्थ्यावर दुप्पट भार पडतो. वर्गाचा वेळ चर्चा व उदाहरणे सोडविण्यासाठी मोकळा केला, तर अनुभव पालटतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१० च्या आढाव्यात मिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांची कामगिरी केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरासरीने सरस आढळली. तथापि, अशा अभ्यासक्रमांत अनेकदा अध्ययनाचा वेळ आणि साहित्यही अधिक होते, म्हणून श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही, असे त्याच आढाव्यात नमूद आहे. हा इशारा सहसा उद्धृत होत नाही.

घरची परिस्थिती हा आणखी एक घटक. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये इंटरनेटची सोय शहरी भागातील सुमारे ४२ टक्के, तर ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे होती. संगणकाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे २३ आणि ४ टक्के होते. त्यानंतर मोबाइल फोन झपाट्याने पसरले. परंतु भावंडांत वाटून घेतलेल्या एका फोनवर व्याख्यान ऐकणे आणि त्यावरच प्रकल्प अहवाल लिहिणे यांत अंतर आहे.

घरी अभ्यास आणि ठरावीक दिवशी मार्गदर्शन ही रचना भारतास नवी नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी छापील पुस्तके व अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे ती रुजविली. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ अभ्यासक्रमांत व्याख्याने घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी मात्र ७५ टक्के गुण परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष बसून मिळवावयाच्या परीक्षेला आहेत.