मुंबई ते जेद्दाह: विमानाचे अंतर, वेळ आणि एहरामची तयारी

उमऱ्याला निघालेल्या घरांतून पहिला प्रश्न हाच येतो, मुंबईहून जेद्दाहला किती तास लागतात? सरळ हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेपाच तास लागतात. येताना वेळ थोडा कमी, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा तेव्हा पाठीमागून असतो.

घड्याळाचा हिशेब वेगळा. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सकाळी 10 ला निघालात, तर तिथे उतराल दुपारी 1 च्या सुमारास.

पण उमरा करणाऱ्यांनी लक्षात ठेवायची वेळ उतरण्याची नाही, मीकातची. जेद्दाहच्या साधारण अर्धा तास आधी विमान मीकातच्या हद्दीवरून जाते. नियत त्याआधीच व्हायला हवी. बऱ्याच विमानांत तशी सूचना देतात, पण डोळा लागला तर ती ऐकूच येत नाही. शिवाय विमानातल्या छोट्या बाथरूममध्ये कपडे बदलणे वयस्कर माणसांना जमत नाही. म्हणून आम्ही सांगतो, पुरुषांनी एहरामच्या चादरी घरी किंवा विमानतळावरच बांधाव्यात, नियत आणि तलबिया मीकात जवळ आल्यावर. विमानात बदलायचेच असेल, तर चादरी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग जेद्दाहलाच मिळते, तोवर मीकात मागे गेलेली असते.

आधी मदिनेला जाणार असाल, तर विमानात एहरामची गरज नाही. मदिनेहून मक्केला निघताना जुल-हुलैफा इथे एहराम बांधता येतो.